अकरावा रकाना

आमच्या छापील अर्जात अकरावा रकाना होता, ‘घरची परिस्थिती (थोडक्यात)’. त्याखाली चार रेघा. माझ्या नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्या चार रेघा भरण्यात गेली. विद्यापीठातला कारकून म्हणजे मार्कशीटवर शिक्के मारणारा माणूस, असं लोकांना वाटतं. शिक्केही मी पुष्कळ मारले. पण आमच्या रत्नागिरीच्या केंद्रात विद्यार्थी कल्याणाचं टेबल माझ्याकडे आलं आणि मी लेखक झालो. पुस्तक एकही निघालं नाही, वाचक मात्र दुबईपासून डोंबिवलीपर्यंत होते.

योजना साधी होती. सरकारी विद्यापीठात फी फारशी नसते, पोरं अडतात ती राहण्या-जेवण्यापाशी. खेड्यातून आलेल्या मुलाला वसतिगृह आणि खानावळ परवडत नाही, आणि रोज जाऊन-येऊन करायला एसटी तेवढी नाही. म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने ‘पालकत्व’ नावाची योजना काढली. एका माजी विद्यार्थ्याने एका मुलाच्या राहण्या-जेवणाचा भार शिक्षण संपेपर्यंत उचलायचा. तो त्या मुलाचा पालक. कोणाला कोणता मुलगा द्यायचा ते मी ठरवायचं. वधूवर सूचक मंडळातच काम करतोय असं कधीकधी वाटायचं, फक्त इथे पत्रिकेऐवजी अकरावा रकाना बघत.

अडचण अशी, की आमची मुलं त्या रकान्यात एकच शब्द लिहीत, ‘मध्यम’. वडील वारलेले, आई दुसऱ्याच्या बागेत आंबे उतरवण्याच्या हंगामात डोक्यावरून पेट्या वाहते, घराची मागची भिंत पावसात गेलेली, आणि परिस्थिती काय, तर मध्यम. आपल्या चुलीवर काय शिजलं ते आमचा माणूस शेजाऱ्याला कळू देत नाही, तो ते विद्यापीठाला कशाला कळवेल? पण मुंबईत बसलेल्या दात्याच्या हाती असा अर्ज पडला की तो परत पाठवायचा. एकाने तर कोपऱ्यात लिहून पाठवलं होतं, ‘आमचीही मध्यमच होती.’

मग मी मुलांना समोर बसवून विचारायला लागलो आणि रकाना स्वतः लिहायला लागलो. मुलाने खाली सही करायची. नियमात ते बसत नव्हतं, पण ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. माझं अक्षर चांगलं आणि मराठी त्याहून बरं. वाचणाऱ्याचा घसा दाटला पाहिजे पण रुमाल काढायची वेळ येता कामा नये, एवढंच वजन टाकायचं, हे मला हळूहळू जमलं. चार रेघांत बसणारं दुःख लिहिणं सोपं नसतं. माझ्या हातचा एकही अर्ज परत आला नाही. ‘मुळ्ये, तुमचा अर्ज वाचून आमची ही रडली हो,’ असा दात्याचा फोन आला की मी तो दिवसभर टेबलाटेबलाला सांगत फिरायचो.

दातेही एकेक नमुने होते. पुण्याच्या एका बाईंनी वसतिगृहातल्या मुलींसाठी स्वतः विणलेले वीस स्वेटर पाठवले. रत्नागिरीत स्वेटर! आमच्याकडे जानेवारीत पंखा एकने कमी करतात, त्याला आम्ही थंडी म्हणतो. मुलींनी माझ्या सांगण्यावरून स्वेटर घालून, घामाघूम होऊन फोटो काढला आणि आभाराचं पत्र धाडलं. बाई इतक्या खूश झाल्या की पुढच्या वर्षी कानटोप्या आल्या. एक बोटीवरचे इंजिनीयर होते, त्यांची अट की मुलगा हुशार हवा पण फार हुशार नको. का, विचारलं तर म्हणाले, ‘फार हुशार असला की परदेशी जातो आणि आपल्याला विसरतो.’ स्वतः ते वर्षाचे दहा महिने परदेशी असत.

आणि एक हातखंब्याचा चहावाला. तोही आमचाच माजी विद्यार्थी, दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडलेला. तिठ्यावर एसटी बदलणाऱ्या आमच्या मुलांना तो चहा आणि वडापाव द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. मी त्याला संघटनेचा सभासद करायला गेलो. तो म्हणाला, ‘फॉर्म कशाला साहेब? पोर उपाशी हाय का नाय ते तोंडावर दिसतं.’ मी त्याला पद्धत, नोंद, पारदर्शकता वगैरे समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मलाही वडापाव दिला.

एवढं सगळं लिहिलं, कारण मुद्द्यावर यायला मन घेत नाही. मुद्दा मानसी चोगलेचा आहे.

मानसी दाभोळची. रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी.ला आली होती. बुटकी, धीट डोळ्यांची आणि मोजकं बोलणारी. तिचा अर्ज आला तेव्हा मुदतीचा शेवटचा दिवस होता आणि अकराव्या रकान्यात अर्थातच ‘मध्यम’. मी नवा फॉर्म काढून तिला समोर बसवलं.

‘वडील काय करतात?’

‘बाबा घरी असतात. आधी बोटीवर होते. दोरात पाय अडकून मोडला, तेव्हापासून जाता येत नाही.’

‘मग घर कोण चालवतं?’

‘आई मासळी विकते. बाबा लोकांची जाळी शिवून देतात. स्वयंपाक पण बाबाच करतात, आईला पहाटे बंदरावर जावं लागतं ना. माझा शाळेचा डबा तेच करायचे.’ हे सांगताना ती हसली.

आता खरं सांगतो. मला तेव्हा वाटलं, ही पोरगी आपला अर्ज बिघडवतेय. अपंग वडील आणि मासळीची टोपली डोक्यावर घेतलेली आई, एवढं पुरेसं जोरदार होतं. त्यात जाळी शिवणारा, डबा करणारा, कामाचा बाप मध्ये आणला की परिस्थिती पातळ होते. मी लिहिलं, ‘वडील असून नसल्यासारखे. घराचा सारा भार आईच्या डोक्यावरच्या टोपलीने पेलला आहे.’ दुसरं वाक्य मला फार आवडलं. पहिलं मी इतर अर्जांतही वापरायचो, दारू पिणाऱ्या किंवा घर सोडून गेलेल्या बापांसाठी. चटकन बसायचं ते.

मानसीने वाचलं आणि पेन हातात धरून थांबली. ‘सर, हे पहिलं नको ना. बाबा तसे नाहीत.’

‘अगं, असं लिहावंच लागतं. पैसे देणारा वाचतो आणि फाइलला लागतं. घरी कोण वाचायला येतंय?’

‘पण सर...’

‘साडेपाचला टपाल जातं, मानसी.’

तिने सही केली. महिनाभरात तिला पालक मिळाला, ठाण्याचे कोणी बँकेतले गृहस्थ. ती वसतिगृहात राहायला आली. दिसली की मान हलवायची, आणि मीही मनात म्हणायचो, चला, आणखी एक मार्गी लागली.

त्या वर्षी संघटनेचे अध्यक्ष झाले अभ्यंकर. आंब्याचे बागायतदार, भला माणूस, भरदार आवाज. एरवी मदतीचं पत्र आम्ही टपालाने पाठवायचो. अभ्यंकर म्हणाले, नाताळच्या सुट्टीत माजी विद्यार्थी गावी येतात, तेव्हा मेळावा घेऊ. मुलांच्या घरच्यांनाही बोलावू. ‘खरे पालक आणि आपले पालक एका स्टेजवर,’ असं ते म्हणाले, आणि मला कल्पना उत्तम वाटली. मग म्हणाले, ‘मुळ्ये, चार-पाच अर्ज काढून ठेवा, मी वाचून दाखवतो. ऐकू दे लोकांना तुमचं मराठी. नावं वाचत नाही, काळजी नको.’

घरच्यांना निमंत्रणं मी पाठवली. पाकिटांवर पत्ते मी लिहिले, ‘श्री. दत्ताराम चोगले, मु. पो. दाभोळ’ हाही. आणि वाचायचे अर्ज मीच निवडले. माझ्या समोर एकाच टेबलावर डावीकडे पाकिटं होती आणि उजवीकडे अर्ज. दोन्ही कामं मी एकाच दुपारी केली आणि माझ्या डोक्यात ती एकत्र आली नाहीत. मी अर्ज निवडत होतो ते मुलं बघून नाही, माझी वाक्यं बघून. टोपलीचं वाक्य मला वाचून हवं होतं.

मेळाव्याला हॉल भरला. मुलं स्टेजवर मागच्या रांगेत उभी होती, घरची माणसं खाली पुढच्या खुर्च्यांवर. अभ्यंकरांनी वाचायला सुरुवात केली. नाव घेतलं नाही, ‘आपल्या एका कन्येची ही कहाणी’ असं म्हणाले. पण बोटीवर पाय मोडलेला बाप आणि मासळी विकणारी आई म्हटल्यावर नावाची गरज कोणाला होती? ‘वडील असून नसल्यासारखे,’ असं त्यांनी वाचलं आणि क्षणभर थांबले. त्यांना थांबायची सवय होती. मग टोपलीचं वाक्य वाचलं. कोणीतरी च्‌च्‌ केलं. मी स्टेजच्या बाजूला उभा होतो. मानसीने वडिलांकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

आणि वाचून होताच अभ्यंकरांनी कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे पुकारलं, ‘कुमारी मानसी दत्ताराम चोगले आणि त्यांचे वडील.’

दत्ताराम उठले. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, हातात काठी. पायऱ्या चढताना अभ्यंकरांनी पुढे होऊन त्यांचा कोपर धरला. टाळ्या झाल्या, बिचाऱ्या माणसाला देतात तसल्या. त्यांनी मदतीच्या पत्राचं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि तसेच हळूहळू उतरले. जेवणाच्या वेळी मी ताट घेऊन त्यांच्याकडे गेलो. ‘नको साहेब,’ म्हणाले, ‘फेरीबोट चुकंल. लांब जायचंय.’ मग दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, ‘कार्यक्रम चांगला झाला.’ मानसी त्यांच्याबरोबर सुट्टीला घरी गेली.

सुट्टी संपल्यावर ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

‘सर, बाबा बोलत नाहीत माझ्याशी. म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच. मी सांगितलं, ते सरांनी लिहिलं. त्यांना पटत नाही. तुम्ही एकदा येऊन सांगा ना. फोन केलात तरी चालेल.’

‘सांगतो,’ मी म्हणालो. ‘एवढी परीक्षेची गडबड संपू दे.’

ती आणखी दोनदा आली. एकदा लेखापरीक्षक यायचे होते, एकदा प्रवेश चालू होते. मी मनाला कारण दिलं होतं, की ‘मी लिहिलं’ असं एकदा कबूल केलं की सगळेच अर्ज उघडे पडतील, मुलांची मदत बंद होईल, योजना बसेल. कारण अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण निराळं होतं. त्या माणसाच्या समोर उभं राहायची मला लाज वाटत होती, आणि ती लाज मी कामाच्या ढिगाखाली दडपत होतो. नंबर फाइलमध्ये होता. फोन उचलायला दोन मिनिटं लागली असती.

तिसऱ्या खेपेनंतर मानसी आली नाही, तिचा अर्ज आला. स्वतःच्या हाताने, साध्या कागदावर. ‘माझ्या घरची परिस्थिती मध्यम असल्याने मला या योजनेतून मुक्त करावे.’ तिने वसतिगृह सोडलं, मारुती मंदिराकडे एका म्हाताऱ्या बाईंच्या सोबतीला राहिली, शिकवण्या घेतल्या आणि एम.एस्सी. पूर्ण केलं. निकालाच्या दिवशी मार्कशीट न्यायला आली तेव्हा मी अभिनंदन केलं. ती ‘थँक्यू सर’ म्हणाली आणि सही करून निघून गेली. मी पुढच्या वर्षीपासून मेळाव्यातलं वाचन बंद करायला लावलं. अर्ज लिहिणं मात्र बंद केलं नाही. निवृत्तीच्या दिवसापर्यंत लिहीत होतो.

निवृत्त झाल्यावर माझ्या टेबलावर प्राजक्ता नावाची मुलगी आली. अडलं की मला फोन करते. यंदा गणपतीनंतर तिचा फोन आला. ‘सर, एक विचित्र केस आहे. मानसी चोगले म्हणून माजी विद्यार्थिनी आहे, वापीला एका कंपनीत केमिस्ट. तिला एका मुलीचं पालकत्व घ्यायचंय. पण तिची अट आहे, अकरावा रकाना कोरा असलेलाच अर्ज हवा. मुलीचं काहीच वाचायचं नाही म्हणते, आणि मुलीनेही तिला पत्र लिहायचं नाही. असा अर्ज मी कुठून आणू?’

‘रकानाच काढून टाक,’ मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्या मेळाव्याला सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी दाभोळला निघालो. जयगडची फेरीबोट, मग गुहागर, मग धोपाव्याची फेरीबोट. लाकडासारखा पाय घेऊन दत्ताराम त्या दिवशी याच वाटेने आले होते आणि उपाशी परत गेले होते, हे मला पहिल्यांदाच नीट कळलं.

घर सापडायला वेळ लागला नाही. दत्ताराम पडवीत जाळं पसरून बसले होते, हातात सुई. केस पांढरे झाले होते. मी नाव सांगायच्या आत म्हणाले, ‘या साहेब, बसा.’ बायकोला हाक मारून चहा सांगितला.

मी बसलोच नाही. उभ्याउभ्या सांगून टाकलं. ‘चोगले, त्या दिवशी जे वाचलं, ते मानसीचं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. ती नको म्हणत होती, तरी मी सही घेतली. तिने तुमच्याबद्दल असं काही सांगितलं नव्हतं. तुम्ही डबा करायचात, हे तिने हसत सांगितलं होतं. मी ते लिहिलं नाही.’

ते सुई चालवत राहिले. दोन गाठी मारल्या. मग म्हणाले, ‘ती बोललेली. त्याच दिवशी, फेरीत. मी बोल्लो, एवढा शिकलेला माणूस, त्याचं माझं काय वैर हाय? तो कशाला असं लिवंल? तू सांगितल्याबिगर त्याला कळंल कसं?’

‘तिने मला यायला सांगितलं होतं.’

‘ठाऊक हाय. बोलली ना, साहेब येतील, त्यांनाच इचारा. मी वाट बघत होतो तुमची. खोटं नाय सांगत, मनात होतं की तुमी यावं. मे महिना गेला, पाऊस आला, तुमी नाय आलात. मग माझी खात्रीच झाली.’

तोपर्यंत मला वाटत होतं, माझं पाप ते एक वाक्य. ते वाक्य तिने पुसून काढलं असतं, मी गेलो असतो तर. माझं न जाणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला होता. मी माफी मागितली. दत्तारामांनी जाळ्याचा दोरा दाताने तोडला.

चहा घेऊन आलेली त्यांची बायको दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, ‘आता पोरीला कळवा.’

‘फोन लावून देऊ?’ मी विचारलं.

‘फोनवर ती हां बाबा बोलते नि आईला देते. मला पण जमत नाय,’ दत्ताराम म्हणाले. ‘कागद हाय तुमच्याकडं? मला सहीपुरतं येतं. तुमी लिवा, मी सांगतो. पोस्टात टाकू.’

पिशवीत वही होती. मी तिथेच पडवीच्या कठड्यावर बसलो. त्यांनी जाळं बाजूला सारलं, हात पुसले, थोडा वेळ खाडीकडे बघितलं आणि सांगितलं, ‘बाय, तू खरं बोललेलीस. मी ऐकलं नाय.’

मी लिहिलं. ते पुढे काही बोलेनात. बाईंनी डोळ्याला पदर लावला होता. हाताला इतक्या वर्षांची सवय. पुढचं वाक्य आपोआप सुरू झालं, ‘या वृद्ध पित्याच्या मनाला...’

‘साहेब.’

मी वर बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते माझ्या हाताकडे बघत होते.

‘दोनच सांगितली मी. पेन अजून का चालतंय?’

मी ते शब्द खोडायला लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

‘तिच्या कागदावर खाडाखोड नको. नवा घ्या.’